देणाऱ्यांचे गाणे

लॉस एंजेलिसच्या ए अँड एम स्टुडिओत २८ जानेवारी १९८५ च्या रात्री सुरू झालेले ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर संपले आणि त्यातून 'वी आर द वर्ल्ड' हे गाणे जन्माला आले. त्या घटनेला २०२५ च्या जानेवारीत चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२४ मध्ये, त्या एका रात्रीवर बेतलेला 'द ग्रेटेस्ट नाइट इन पॉप' हा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला आणि जुन्या आठवणींना उजाळा मिळाला. कोण आले, कोण रुसले, कोण अडखळले याची चर्चा रंगली. ती रंगणे स्वाभाविकच होते. मात्र या चर्चेत एक साधी बाब सहसा नजरेतून सुटते. हे गाणे इथिओपियातील दुष्काळासाठी लिहिले गेले, पण त्यात इथिओपियाचा उल्लेख नाही. आफ्रिका हा शब्दही नाही. एका ठरावीक भूमीवरील ठरावीक आपत्तीसाठी रचलेल्या गीतात त्या भूमीचे नावच नसावे, यात या गाण्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे आणि त्याची मर्यादाही.

या कहाणीची सुरुवात गाण्यापासून नव्हे, तर कॅमेऱ्यापासून होते. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने उत्तर इथिओपियातील कोरेम येथील छावणीचे वार्तांकन प्रसारित केले. वार्ताहर होते मायकेल बर्क आणि दृश्ये टिपली होती केनियाचे छायाचित्रकार मोहमद अमीन यांनी. पहाटेच्या धुक्यात उघड्या माळावर पडलेली हजारो माणसे, कापडात गुंडाळलेले मृतदेह आणि अन्नासाठी निमूटपणे बसलेल्या रांगा. ही दृश्ये जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी दाखवली. अमेरिकेत ती एनबीसीवरून पोहोचली. ब्रिटनमध्ये ती पाहून अस्वस्थ झालेल्या बॉब गेल्डॉफ या आयरिश गायकाने मिज युर याच्या साथीने 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' हे गीत रचले. २५ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये ब्रिटन व आयर्लंडमधील आघाडीच्या गायकांना एकत्र आणून 'बँड एड' या नावाने ते मुद्रित झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. गीताच्या शीर्षकातील प्रश्न तेवढा विचित्र होता. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून रुजलेला आहे आणि तेथील ऑर्थोडॉक्स समाज ७ जानेवारीला 'गेन्ना' या नावाने नाताळ साजरा करतो. या लोकांना नाताळ शतकानुशतके ठाऊक होता!

अमेरिकेत पुढाकार घेतला तो हॅरी बेलाफॉन्टे यांनी. नागरी हक्कांच्या लढ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा गायक. आफ्रिकेतील कृष्णवर्णीय माणसे भुकेने मरत असताना गोरे इंग्लिश गायक धावून येतात आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत मात्र स्वस्थ बसतात, ही गोष्ट त्यांना बोचत होती. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. या उपक्रमाकडे पुढे 'गोऱ्यांचा कळवळा' म्हणून पाहिले गेले, तरी त्याचे मूळ बेलाफॉन्टे यांच्या या बोचणीत होते. त्यांनी केन क्रेगन या व्यवस्थापकाला गाठले. क्रेगन यांच्यामार्फत लायोनेल रिची, मायकेल जॅक्सन आणि संगीत संयोजक क्विन्सी जोन्स जोडले गेले. गीत-संगीत जॅक्सन आणि रिची यांचे, सूत्रे जोन्स यांच्या हाती. हे चौघेही कृष्णवर्णीय होते, हे विसरून चालणार नाही.

अशा उपक्रमाचा एक पूर्वज भारतीयांना जवळचा आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' पंडित रविशंकर यांच्या तळमळीतून उभा राहिला; जॉर्ज हॅरिसन यांनी त्याला आपल्या नावाचे बळ दिले. त्या कार्यक्रमाला प्रतिसाद अफाट मिळाला, परंतु धर्मादाय नोंदणी आधी न झाल्याने ध्वनिमुद्रिकेचे व चित्रपटाचे बरेचसे उत्पन्न अमेरिकी करखात्याच्या फेऱ्यात वर्षानुवर्षे अडकून पडले. सद्भावनेला हिशेबाची जोड नसेल तर काय होते, याचा तो धडा होता. क्रेगन यांनी तो गिरवला. 'यूएसए फॉर आफ्रिका' ही ना-नफा संस्था रीतसर स्थापून मगच गाणे बाजारात आणले गेले.

ध्वनिमुद्रणाच्या रात्रीची निवडही व्यवहारी होती. त्याच संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा होता, त्यामुळे बहुतेक कलावंत शहरात होतेच. सोहळा आटोपून पंचेचाळीसच्या आसपास गायक स्टुडिओत दाखल झाले. आपला अहंकार दाराबाहेर ठेवून या, अशा अर्थाची पाटी जोन्स यांनी लावली होती. ब्रुस स्प्रिंगस्टीन, रे चार्ल्स, टीना टर्नर, डायना रॉस, पॉल सायमन, विली नेल्सन, बिली जोएल, सिंडी लॉपर, बॉब डिलन अशी एरवी एका छताखाली कधीही न येणारी मंडळी दाटीवाटीने एका मंचावर उभी राहिली. लॉपरच्या दागिन्यांचा किणकिणाट ध्वनिक्षेपकात येऊ लागल्याने ते उतरवावे लागले. डिलन आपली ओळ म्हणताना इतके अवघडले, की स्टीव्ही वंडर यांनी पियानोवर बसून हुबेहूब डिलन यांच्याच ढंगात ती म्हणून दाखवली आणि मग गाडी रुळावर आली. प्रिन्स आलाच नाही. त्याच्यासाठी योजलेली ओळ ह्युई लुईस याच्या वाट्याला गेली.

त्या रात्रीचा एक प्रसंग मात्र केवळ गमतीचा नाही. गाण्यात काही शब्द स्वाहिली भाषेतले असावेत, अशी सूचना वंडर यांनी केली. त्यावरून बराच काथ्याकूट झाला. वेलन जेनिंग्ज हे कंट्री संगीतातील बडे नाव तेथून निघून गेले. अखेर इथिओपियात स्वाहिली बोललीच जात नाही, हे तेथे उपस्थित असलेल्या गेल्डॉफ यांनी निदर्शनास आणून दिले. अम्हारिक आणि टिग्रिन्या या त्या भूमीच्या भाषा. ज्यांच्यासाठी गायचे ते कोण, कुठले, काय बोलतात, याची माहिती त्या खोलीत फारच थोड्यांना होती. वंडर यांनीच इथिओपियाच्या दोन महिलांना स्टुडिओत आणले. त्यांनी जमलेल्या कलावंतांचे आभार मानले आणि अनेकांचे डोळे पाणावले. त्या खोलीत इथिओपियाचे हे दोनच आवाज होते. ध्वनिमुद्रिकेवर ते नाहीत.

गाण्याची बांधणी पाहिली तर असे का झाले याचा उलगडा होतो. चाल मुद्दाम सोपी, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी. २१ गायकांना एकल गायनासाठी एखादी ओळ किंवा अर्धीच ओळ. कोणता आवाज कोणानंतर यावा याची आखणी आधीच झाली होती. मखमली आवाजाला लगटून खरखरीत आवाज, चर्चमधल्या गायकीला लागून कंट्री, मग रॉक. उत्तरार्धात सूर वर चढतो आणि समूह एकच धृपद पुन्हा पुन्हा घोळवत राहतो. पहिल्यांदा ऐकणारा श्रोता नकळत 'हा आवाज कोणाचा' हे ओळखण्याच्या खेळात रमतो. हा खेळ गाण्याच्या यशाचा मोठा वाटेकरी आहे. परंतु त्यामुळे कानांपुढे आणि डोळ्यांपुढे सतत राहतात ते गाणारेच. शब्दांमधला 'आम्ही'सुद्धा देणाऱ्यांचाच आहे. घेणारा त्या शब्दांत एका व्यापक मानवतेत विरघळून जातो. त्याला चेहरा नाही, गाव नाही. ग्रील मार्कस या समीक्षकाने तर त्या काळीच बोट ठेवले होते, की गाण्यातील एका कळीच्या ओळीत पेप्सीच्या तत्कालीन घोषवाक्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. जॅक्सन आणि रिची दोघेही त्या शीतपेयाच्या जाहिरातीशी करारबद्ध होते. टीका जरा कडवट खरी, पण अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

गाण्याच्या कमाईबाबत मात्र कोणालाही नाक मुरडता येणार नाही. ७ मार्च १९८५ रोजी ते विक्रीस आले. पहिल्या खेपेच्या आठ लाख प्रती तीन दिवसांत संपल्या. एप्रिलमध्ये ते बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि चार आठवडे तेथे राहिले. एकूण दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, १९८६ मध्ये चार ग्रॅमी मिळाले आणि ध्वनिमुद्रिका, व्हिडिओ, टी-शर्ट वगैरे मिळून सहा कोटी डॉलरहून अधिक निधी जमला. त्यातील नऊ दशांश वाटा आफ्रिकेसाठी आणि एक दशांश अमेरिकेतील भुकेल्या व बेघरांसाठी, असे ठरले होते. औषधे, अन्न, तंबू, कपडे घेऊन पहिले विमान जूनमध्ये रवाना झाले. नंतरचा पैसा विहिरी, शेती, आरोग्य अशा दीर्घ पल्ल्याच्या कामांकडेही वळवला गेला. कलावंतांनी मानधन घेतले नाही; दुकानात जाऊन तबकडी विकत घेणे म्हणजेच दान देणे, असे साधे समीकरण होते. दान देणाऱ्याला मोबदल्यात एक वस्तू मिळत होती आणि ती घरात वाजत होती.

अर्थात सरकारी मदतीच्या तुलनेत ही रक्कम लहानच. अमेरिकी सरकारने त्या दुष्काळात दिलेले धान्य व पैसा याच्या अनेक पटींनी मोठा होता. पण मेंगिस्तू हैले मरियम यांची लष्करी राजवट सोव्हिएत गोटातील असल्याने पाश्चात्त्य सरकारे हात आखडता घेत होती. दूरचित्रवाणीवरील दृश्ये आणि त्यापाठोपाठ आलेली गाणी यांनी निर्माण केलेल्या लोकमताने त्यांना हात सैल करावा लागला. ब्रिटनमध्ये तर बँड एडच्या तबकडीवरील मूल्यवर्धित कर माफ करण्यास मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने आधी नकार दिला आणि जनक्षोभ पाहून अखेर कराइतकी रक्कम मदतनिधीला परत केली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच वेळी झालेल्या 'लाइव्ह एड' या भव्य मैफलीने या लोकमतावर कळस चढवला.

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. १९८३ ते १९८५ या काळात इथिओपियात चार ते दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे निरनिराळे अंदाज आहेत. ती केवळ पाऊस न पडल्याने मेली काय? टिग्रे आणि एरिट्रिया येथील बंडखोरांशी सरकारचे युद्ध चालू होते. बंडखोरांच्या ताब्यातील भागात धान्य पोहोचू न देणे, बाजार आणि उभी पिके उद्ध्वस्त करणे हा त्या युद्धनीतीचाच भाग होता. सप्टेंबर १९८४ मध्ये, उत्तरेत उपासमार शिगेला पोहोचली असताना, राजधानी अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वर्धापनदिन डामडौलात साजरा झाला. त्यानंतर उत्तरेतील सुमारे सहा लाख लोकांना दक्षिणेत हलवण्यात आले; अनेकांना बळजबरीने. मदतछावणीत अन्न घेण्यासाठी आलेल्यांनाच ट्रकमध्ये कोंबले जाते, असा आवाज 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेने उठवला, तेव्हा डिसेंबर १९८५ मध्ये तिलाच देशाबाहेर काढण्यात आले.

दुष्काळ आणि भूकबळी यांतला हा फरक महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ येथील पिढ्यांच्या स्मरणात आहे. धान्योत्पादन कोसळले होते, गुरे गेली, माणसांचे अतोनात हाल झाले. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर सरकारी दुष्काळी कामांवर होते आणि मोठ्या प्रमाणावरील मनुष्यहानी टळली. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने मूळ धरले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि अमर्त्य सेन यांच्यासमवेत १९८९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आफ्रिकेतील उपासमारीच्या शेजारी महाराष्ट्राचे उदाहरण मांडले. सेन यांनी १९८१ मध्येच, इथिओपियाच्या १९७३-७४ च्या उपासमारीसह काही दुष्काळ तपासून दाखवून दिले होते, की उपासमार ही धान्याच्या तुटवड्यापेक्षा माणसाच्या हाती अन्न मिळवण्याचे साधन आहे की नाही, याची गोष्ट असते. सात मिनिटांच्या गाण्याने अर्थशास्त्र शिकवावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण युद्ध आणि राजवट गाण्यातून वगळली, की दुष्काळ हा दैवाचा कोप ठरतो आणि उपाय एकच उरतो. तो म्हणजे देणगी.

मदत चुकीच्या हाती गेल्याचा आरोप गाजला तो बऱ्याच उशिरा. मार्च २०१० मध्ये बीबीसीच्या जागतिक सेवेने टिग्रेतील बंडखोरांनी मदतीचा पैसा शस्त्रांकडे वळवल्याचे वृत्त दिले. बँड एडने तीव्र आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीबीसीला माफी मागावी लागली. बँड एडचा पैसा शस्त्रांकडे गेला असा समज करून देण्यास आधार नव्हता, हे तिने मान्य केले. त्यामुळे 'सगळा पैसा बंदुकांत गेला' हे अजूनही अधूनमधून ऐकू येणारे विधान जपूनच घ्यायला हवे.

गाण्याचा खरा वारसा पैशांपेक्षा त्याने घालून दिलेल्या साच्यात आहे. कॅनडाने 'टिअर्स आर नॉट इनफ' काढले, लॅटिन अमेरिकी गायकांनी 'कांतारे, कांतारास', हेवी मेटलवाल्यांनी 'स्टार्स'. कॅमेरूनचे मानू दिबांगो यांनी आफ्रिकी कलावंतांना घेऊन 'ताम ताम पुर लेतिओपी' केले. जगाच्या स्मरणात ते जवळपास राहिलेले नाही, यातच बरेच काही आले. एक अपवाद आवर्जून नोंदवायला हवा. स्टीव्हन व्हॅन झांट याने १९८५ मध्येच अनेक कलावंतांना जमवून 'सन सिटी' काढले. ते दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध होते, त्यात ठिकाणाचे नाव शीर्षकातच होते आणि तेथे आम्ही गाणार नाही असा ठाम नकार होता. विक्रीत ते 'वी आर द वर्ल्ड'च्या जवळपासही फिरकले नाही. अमेरिकेतील अनेक आकाशवाणी केंद्रांनी ते लावलेच नाही. नाव घेतले की श्रोते घटतात, हा हिशेब असा आहे.

भारतात १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेले 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे निधीसाठी नव्हते, राष्ट्रीय एकात्मतेसाठी होते. पण अनेक नामवंत, प्रत्येकाच्या वाट्याला एखाददुसरी ओळ आणि शेवटी समूह हा आराखडा त्याच कुळातला. फरक असा, की पंडित भीमसेन जोशी यांच्या भैरवीने सुरू होणारे, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांच्या संगीत संयोजनातील हे गीत प्रत्येक प्रांताला त्याच्या भाषेत बोलू देते. ज्यांच्याविषयी गायचे तेच तेथे गातात. त्यामुळे ते मनात वेगळ्या जागी रुजले.

नाव नसलेले गाणे कोठेही वापरता येते, याचा प्रत्यय २०१० मध्ये आला. १२ जानेवारीला हैतीत भूकंप झाला. १ फेब्रुवारीला नव्या पिढीचे गायक जमले आणि जुन्याच गाण्याची नवी आवृत्ती निघाली. बँड एडचे गीतही १९८९, २००४ आणि २०१४ मध्ये पुन्हा गायले गेले. २०१४ चे निमित्त इबोलाचे होते. त्यात सहभागी होण्यास घानाई वंशाचा ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी याने नकार दिला. आफ्रिका म्हणजे रोग आणि भूक एवढेच चित्र ही गाणी रंगवतात आणि त्याने पर्यटन, गुंतवणूक, स्वाभिमान या साऱ्यांची हानी होते, असे त्याचे म्हणणे. २०२४ मध्ये जुन्या आवृत्त्या एकत्र करून चाळिसाव्या वर्षाचे मिश्रण काढले गेले, तेव्हा २०१४ मध्ये गायलेल्या एड शीरन यानेही जाहीर केले, की आपल्याला विचारले असते तर आपण आवाज वापरू दिला नसता. गेल्डॉफ यांचे उत्तर ठरलेले असते: या गाण्याने माणसे जगली. ते खोटे नाही. शीरन आणि फ्यूज ओडीजी यांचे म्हणणेही खोटे नाही, आणि हीच या वादाची अडचण आहे.

गेल्डॉफ यांनी स्वतःही दानापलीकडे जाण्याचा प्रयत्न केला होता. जुलै २००५ मधील 'लाइव्ह ८' मैफलींत निधी मागितला गेला नाही. ग्लेनईगल्स येथे जमणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांच्या नेत्यांवर दबाव आणणे हा हेतू होता. १८ गरीब देशांची कर्जे माफ करण्याचा निर्णय त्या सुमारास झाला. तेथेही आफ्रिकी गायकांची स्वतंत्र मैफल कॉर्नवॉलमध्ये, मुख्य मंचापासून दूर, भरवली गेल्याने टीका झाली ती झालीच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत गॅल गॅडोट आणि इतर तारे-तारकांनी घरोघरून एकेक ओळ गाऊन जॉन लेननचे 'इमॅजिन' प्रसारित केले, तेव्हा साचा तोच होता, पण लोकांनी खिल्ली उडवली. त्यामागे विकायची तबकडी नव्हती, जमवायचा निधी नव्हता. शिवाय स्ट्रीमिंगच्या जमान्यात एका श्रवणातून मिळणारी रक्कम पैशाच्या अंशात मोजावी लागते. १९८५ चे समीकरण त्या अर्थानेही मोडले आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत पुन्हा युद्ध पेटले आणि दोन वर्षे चालले. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी साडेतीन लाख लोक उपासमारीच्या भीषणतम टप्प्यात असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये धान्याची अफरातफर उघडकीस आल्यावर अमेरिकेची यूएसएड आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी इथिओपियाला होणारा धान्यपुरवठा काही महिने थांबवला. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही यंत्रणाच अमेरिकी सरकारने अधिकृतपणे गुंडाळली. या काळात १९८५ सारखे एकही गाणे गाजले नाही. युद्धाच्या दिवसांत टिग्रेतील दूरध्वनी आणि इंटरनेट बंद होते, परदेशी पत्रकारांना वाटा जवळपास मिटलेल्या होत्या. कोरेम हे गाव त्याच टिग्रेच्या दक्षिण टोकाला आहे. तेथे या खेपेस कोणताही मोहमद अमीन कॅमेरा घेऊन पोहोचला नाही.